कौतुकानंतर म्हणायचं ते

सासूबाई हॅम्बर्गला आल्या तेव्हा आमच्या घरात तीन माणसं झाली आणि बोलणारी दोन. त्या आणि त्यांचा मुलगा. नवरा सकाळी फेरीबोट पकडून विमानांच्या कारखान्यात गेला की घर गप्प व्हायचं. मी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून ऑफिसचं काम करायचे, त्या बाल्कनीच्या काचेपाशी खुर्ची ओढून बाहेरचा पाऊस बघत बसायच्या. मध्येच मी विचारायचे, "आई, चहा ठेवू?" त्या म्हणायच्या, "ठेव." चहा पिऊन झाला की म्हणायच्या, "छान झालावता." एवढंच. भांडण नव्हतं, राग नव्हता. उलट आम्ही एकमेकींशी इतक्या जपून वागत होतो की जपण्याचाच शीण यायचा.

मला बोलायचं होतं. पण मी मुळातच कमी बोलणारी, त्यात शाळा इंग्रजी. घरी मराठी होती, पण ती जेवलीस का, पंखा बंद कर, एवढ्या कामापुरती. सासूबाई कराडच्या पुढच्या एका गावातल्या. मुलाशी फोनवर बोलताना त्यांच्या तोंडात दर चार वाक्यांमागे एक म्हण यायची. माझ्याशी बोलताना येत नसे. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत एकदा आली होती. मी विचारलं, "म्हणजे काय?" त्यांनी नीट समजावून सांगितलं. त्यानंतर कधी आली नाही. विनोद समजावून सांगावा लागला की माणूस त्याला दुसरा सांगत नाही, तसं ते झालं.

आमच्या इमारतीत तळमजल्यावर आयर्लंडची एक बाई राहते. तरुणपणी नर्स म्हणून जर्मनीत आली ती इथलीच झाली. आता सत्तरी ओलांडलेली, एकटी. पश्चिमेकडच्या समुद्राकाठच्या एका खेड्यात ती आजीजवळ वाढली. आजी आयरिश बोलायची, म्हणून हिच्याही तोंडात म्हण आधी आयरिशमध्ये येते, मग तीच तिचं इंग्रजी करून देते. मला हे सासूबाई येईपर्यंत माहीत नव्हतं. तोवर आमचं नातं जिन्यात 'मॉर्गेन' म्हणण्यापुरतंच होतं.

त्या दिवशी मी आणि सासूबाई तळघरातल्या मशीनमधून धुतलेले कपडे घेऊन वर येत होतो आणि ती हातात मातीनं भरलेली बादली घेऊन दारातून आत येत होती. ओली झालेली. तिनं पावसाबद्दल काहीतरी आयरिशमध्ये म्हटलं, मग इंग्रजीत. "माझी आजी म्हणायची," असंही जोडलं. सासूबाईंनी विचारलं, "काय म्हणते?" मी मराठीत सांगितलं. सासूबाईंनी कपड्यांची टोपली पायरीवर ठेवली. त्यांचा चेहरा इतका बदलला की मी बघतच राहिले. त्यांनी लगेच पावसावरची आपल्याकडची एक म्हण टाकली आणि म्हणाल्या, "आमची आत्या म्हणायची, सांग तिला." मी इंग्रजीत सांगितलं. त्या आयरिश बाईनं बादली खाली ठेवली आणि भिंतीला हात टेकवून हसायला लागली.

त्या म्हणी मी इथे लिहिणार नाही. त्या त्यांच्या दोघींच्या आहेत. एवढा हेवा माझ्यात अजून शिल्लक आहे.

त्या दिवसापासून सासूबाई तिला अक्का म्हणायला लागल्या. आणि मी सासूबाईंना आई म्हणते हे ऐकून अक्का त्यांना "आई" म्हणायला लागली. वयानं ती त्यांच्याहून मोठी. हे नाव नाही, नातं आहे, असं मी एकदा सांगितलं. "मला कळलंय," ती म्हणाली, "पण तोंडाला छान वाटतं." सासूबाईंना तर फारच आवडलं. मला तो शब्द म्हणायला लग्नानंतर कित्येक महिने लागले होते.

मग दुपारचा चहा खाली व्हायला लागला. मी माझं काम आटपून किंवा न आटपता त्यांच्यामध्ये बसायचे, कारण माझ्याशिवाय त्यांचं चालत नव्हतं. अक्का आजीच्या स्वयंपाकघराबद्दल सांगायची. तिथे कुणाला तोंडावर रागवायची पद्धत नव्हती. आजी चुलीतल्या विस्तवाकडे बघून एखादी म्हण म्हणायची आणि ज्याच्यासाठी असेल तो आपोआप मान खाली घालायचा. दारात येणाऱ्यानं काय म्हणायचं, दूध काढणाऱ्या बाईशेजारून जाताना काय म्हणायचं, कुणी शिंकलं तर, कुणी मेलं तर, सगळ्याला बोल ठरलेले. गुरांच्या बाजारात कालवड विकताना दोघं शेतकरी किमतीबद्दल एक शब्द काढायचे नाहीत. एकजण म्हण टाकायचा, दुसरा तिला उत्तर द्यायचा, आणि ज्याचं उत्तर संपलं तो सौदा मान्य म्हणून हात पुढे करायचा. आणि म्हण कुणाची हे सांगितल्याशिवाय ती म्हणायची नाही. आजीची, लंगड्या शिंप्याची, टपाल आणणाऱ्याची. "फुकटची घेतली असं वाटतं नाहीतर," अक्का म्हणायची.

"हे बघ," सासूबाई मला म्हणाल्या, "आमच्याकडं बी तसंच. आत्या चुलीला न्हाई, म्हशीला सांगायची."

मी इंग्रजी केलं. अक्का टेबलावर थापा मारून हसली. "म्हशीला! विचार त्यांना, म्हैस काय म्हणायची?"

"म्हैस ऐकायची, म्हणावं. सुना ऐकायच्या न्हाईत."

हेही मीच सांगायचं. दोघी माझ्या तोंडाकडे बघत बसायच्या, आता येईल, आता येईल अशा, आणि वाक्य पोचलं की हसताना एकमेकींकडे बघायच्या. माझ्याकडे नाही. कधीकधी मला वाटायचं की वाक्य अर्ध्यात सोडून उठावं आणि बघावं काय करतात. उठले नाही. माझ्या तोंडून का होईना, पण सासूबाईंचं ते बोलणं मला ऐकायला मिळत होतं, आणि वरच्या मजल्यावर तेही मिळत नव्हतं.

एकदा मी इंटरनेटवर शोधून एक म्हण पाठ केली. जेवताना बेत करून म्हटली. सासूबाईंनी घास थांबवला, माझ्याकडे बघितलं आणि मायेनं म्हणाल्या, "हं, म्हणतात खरं तसं." नवरा मान खाली घालून आमटी पीत राहिला. ती म्हण तिथे बसतच नव्हती हे मला त्याच्या कानांवरून कळलं. ते लाल झाले होते.

अक्काची रुळांच्या पलीकडे एक श्रेबरगार्टन आहे. शहरातली माणसं भाड्यानं घेतात तसला बागेचा तुकडा. शेजारी शेजारी असे कितीतरी, मध्ये कुंपणं, प्रत्येकात एक लाकडी खोली. अक्का त्यात दुसरं काही नाही, बटाटेच लावते. उन्हाळा आला तशा सासूबाई तिच्याबरोबर तिकडे जायला लागल्या. साडी, वर मुलाचं रेनजॅकेट, पायात स्पोर्ट्स शूज. दोघी कुदळीनं बटाट्याला मातीची भर लावायच्या. मी ऑफिसचं काम संपवून थर्मासमध्ये चहा घेऊन जायचे आणि मग बोलणं सुरू व्हायचं.

जुलैतल्या एका दिवशी मी फाटकापाशी पोचले तेव्हा त्या आधीच हसत होत्या. सासूबाई हातानं काहीतरी दाखवत होत्या, कुणाची तरी चाल असावी, आणि अक्का डोळे पुसत होती. त्यांना माझी गरज लागली नव्हती. आतापर्यंत निदान मी लागत होते. थर्मास हातात धरून मी तशीच उभी राहिले. आता काहीतरी बोलायला हवं म्हणून बटाट्यांकडे बघितलं. खरंच सुरेख आले होते, गुडघ्याएवढे, पांढऱ्या-जांभळ्या फुलांनी भरलेले. मी इंग्रजीत म्हटलं, "तुमचे बटाटे काय सुंदर आलेत. सगळ्या बागांमध्ये असे कुणाचेच नाहीत."

अक्का कुदळीवर हात ठेवून माझ्याकडे बघत राहिली. पुढचं काही यायचं आहे अशी.

"काय म्हणालीस?" सासूबाईंनी विचारलं.

"बटाटे छान आलेत म्हटलं."

"नुसतं तेवढंच?"

"हो."

"अगं, लगेच 'देव बरं करो' म्हणायचं. उघडं कौतुक सोडायचं नसतं."

अक्कानं विचारलं, आई काय म्हणाल्या? मी सांगितलं, आणि तिनं कुदळ टाकूनच दिली. त्यांच्या गावातही हेच होतं म्हणे! वासरू असो, पोर असो, लोणी असो, कौतुक केलं की मागून देवाचं नाव जोडायचंच. न जोडता गेलेल्या माणसाची नजर लागते. "लागते की," सासूबाई म्हणाल्या, "दिष्ट लागते." मग दोघी दृष्टीवर बोलत राहिल्या, मी इकडचं तिकडे, तिकडचं इकडे करत राहिले, आणि त्या गडबडीत देव बरं करो म्हणायचं राहूनच गेलं. कुणाच्या लक्षात आलं नाही. माझ्या आलं होतं.

त्यानंतर कोंदट, ओले दिवस लागले. पाऊस थांबायचा नाही आणि गारही व्हायचं नाही. एका संध्याकाळी दाराची बेल वाजली. अक्का उंबऱ्याच्या बाहेरच उभी राहिली, एरवी सरळ आत यायची.

"बटाट्यांना करपा लागला," ती म्हणाली. "पानं काळी पडली." तिच्या आजीच्या घरात जेवताना या रोगाचं नावही घेत नसत, असं तिनं पूर्वी सांगितलं होतं. त्या मुलखात बटाटा गेला की माणसं जात. "एक विचारते, हसू नकोस. आमच्याकडे असं झालं की कौतुक करून गेलेल्या माणसाला परत बोलावतात. तो येतो, आशीर्वाद म्हणतो, चहा पिऊन जातो. ही बुरशी आहे हे मला ठाऊक आहे. मी नर्स होते, वेडी नाही. पण आजी असती तर तिनं तुला बोलावलं असतं. येशील?"

सासूबाई मागे येऊन उभ्या राहिल्या होत्या. "काय झालं? काय म्हणते?"

मला म्हणता आलं असतं की बटाटे खराब झालेत, वाईट वाटतंय तिला. पण मी सगळं सांगितलं, एकही शब्द मागे न ठेवता. आता काय होतं ते मला बघायचं होतं.

"म्हणजे हिची दिष्ट लागली म्हणते ती?"

"तसं नाही आई, त्यांच्याकडे पद्धत आहे..."

"पद्धत ऱ्हाऊ दे. तिला सांग. ह्या पोरीच्या मनात असलं काही येत न्हाई. आल्यापासनं बघतेय मी. माझं गुडघं दुखतात म्हणून न विचारता बाथरूममधे स्टूल आणून ठेवलं, आणि आजवर त्याचा उच्चार केला न्हाई. दुकानात माझं काही चुकलं तर ही दुसरीकडं बघती, मला लाज वाटू नये म्हणून. कमी बोलतंय माणूस, म्हणून त्याच्या नजरेवर ढकलायचं व्हय? सांग तिला."

मी दाराची कडी चाळवत राहिले.

"सांग की!"

"आई, हे माझ्याबद्दलच आहे. मीच कसं सांगू?"

"मग कोण सांगणार? मला इंग्लिश येतंय व्हय?"

मी अक्काला म्हटलं, "आई म्हणतात, मी तशी नाही." स्टुलाचं सांगितलं नाही, दुकानाचंही नाही. ते इंग्रजीत द्यायला मन झालं नाही. इतके महिने ज्याची वाट बघत होते ते मला मिळालं होतं, आणि तेही माझ्या निर्दोषपणाबद्दल. मनात असलं काही येत नाही! मी जमिनीकडे बघत होते.

अक्का गोंधळली. "पण मी दोष कुठे दिला? माझ्या आजीला तर दर महिन्याला कुणी ना कुणी बोलवायचं. तिची नजर कडक होती. गावात तिच्याइतकी लाडकी बाई नव्हती."

सासूबाईंनी ऐकून घेतलं. मग हळू आवाजात म्हणाल्या, "आमच्याकडं मीठ-मोहऱ्या ओवाळतात. आल्यागेल्याची म्हणतात, शेजाऱ्यापाजाऱ्याची म्हणतात, घरच्यांची बी म्हणतात. अख्खं गाव घेतात, पण एकाचं नाव घेत न्हाईत. नाव घेतलं की त्या माणसाला गावात ऱ्हाता येत न्हाई. सांग तिला."

हे मी नीट सांगितलं. अक्का "आह" एवढंच म्हणाली आणि कठडा धरून जिना उतरून गेली.

पुढचे काही दिवस सासूबाई खाली गेल्या नाहीत. त्या पूर्ण माझ्या एकटीच्या होत्या. मी काम करताना त्या समोर येऊन बसायच्या, भाजी निवडायच्या, गावाकडचं सांगायच्या. जाऊबाईंचं, उसाच्या तोडीचं, कुणाच्या तरी लग्नात संपलेल्या जिलेबीचं. मला आनंद झाला होता, खोटं कशाला लिहू. पण सांगता सांगता एक जागा यायची जिथे म्हण यायला हवी. मलासुद्धा आता ती जागा कळायला लागली होती. तिथे त्या थांबायच्या, माझ्याकडे बघायच्या, आणि साधं काहीतरी बोलून पुढे जायच्या.

एका सकाळी अक्का बादली घेऊन एकटीच रुळांकडे निघालेली काचेतून दिसली. सासूबाई खुर्चीतून अर्ध्या उठल्या, परत बसल्या. मग त्या काहीतरी म्हणाल्या, काचेकडे बघून. म्हणच होती, लयीवरून कळलं. मी स्वयंपाकघरातून ऐकलं आणि विचारलं नाही. त्यांच्यापाशी म्हैस नव्हती, विस्तव नव्हता. मी होते, आणि त्यांनी काच निवडली होती. आता मला कुणाचा हेवा वाटावा? काचेचा?

रविवारी ब्रेड आणायला जाते असं सांगून मी बागेत गेले.

अक्का बटाट्यांचा काळा पडलेला पाला कापून पोत्यात भरत होती. वरचं कापून टाकलं तर खालचे वाचतात, असं तिनं आधी सांगितलं होतं. शेजारच्या बागेतला जर्मन म्हातारा कुंपणापलीकडून लक्ष ठेवून होता, कारण त्याचे टोमॅटो जवळच होते. "गेनाऊ, अगदी बरोबर, सगळं कापा," तो अधूनमधून म्हणायचा.

फाटकापाशी मी थांबले. काम करणाऱ्या माणसाशेजारून गुपचूप जायचं नसतं हे मी तिच्याकडूनच ऐकलं होतं. "देव कामाला यश देवो," मी मराठीत म्हटलं. मला स्वतःचाच आवाज मोठा वाटला.

तिनं मान वर केली. "आईंनी पाठवलं?"

"नाही. त्यांना माहीत नाही. तुम्ही मला बोलावलं होतं ना?"

अक्कानं माझ्याकडे बघितलं. काही विचारलं नाही. विचारलं असतं तर काय सांगितलं असतं कोण जाणे. बटाट्यांवर माझा कधीच डोळा नव्हता. ती बाजूला झाली आणि मी सऱ्यांमध्ये जाऊन उभी राहिले. "देव बरं करो," मी म्हटलं. बटाट्यांना म्हटलं, मग वळून तिलाही म्हटलं.

"थुंकायचंही असतं," ती संकोचून म्हणाली. "थोडंसं."

"आमच्याकडेही असतं." मी मातीवर थू थू केलं. जर्मन म्हातारा हातातली कात्री तशीच धरून बघत राहिला. "आल्झो..." म्हणजे 'बरं तर' म्हणून तो आपल्या टोमॅटोंकडे वळला. अक्का इतकी हसली की पोतं तिच्या हातातून पडलं. ती माझ्याकडे बघून हसत होती.

मग तिनं एका सरीच्या टोकाला कुदळ घातली. खालचे चांगले होते. लहान, पण चांगले. तिनं माझी कापडी पिशवी अर्धी भरून दिली.

घरी सासूबाईंनी पिशवी उघडली. "ब्रेड कुठाय?"

"अक्कांनी दिलेत. खालचे वाचले."

एक बटाटा त्यांनी हातात घेतला, अंगठ्यानं माती पुसली. "तू गेलीस? म्हटलंस?"

"हो."

"कशाला? तुझी नव्हती दिष्ट."

मी चपला काढायला वाकले. त्या माझ्याकडे बघत राहिल्या, स्टुलाचं आणि दुकानाचं ज्यांनी टिपलं होतं त्याच डोळ्यांनी, आणि मला कळलं की आता हेही टिपलं जातंय. त्यांच्या ओठांच्या कडेला हसू आलं. बटाटा पिशवीत टाकून त्यांनी एक म्हण म्हटली. काचेला नाही, मला. म्हणजे काय असं मी विचारलं नाही, कारण मला ती लागली होती, जिथे लागायला हवी तिथेच.

"कुणाची?" मी विचारलं.

"माझ्या सासूची. मला म्हणाल्यावत्या."

"अक्कांना सांगू?"

"नको," त्या म्हणाल्या. "ही घरातली हाय."

त्यांनी कुकर लावला. उकडलेल्या बटाट्यांची कोरडी भाजी केली, वाटीत काढली, वर झाकण ठेवलं आणि मला काही न सांगता जिना उतरल्या. मी लॅपटॉप उघडून बसले. खालून दार उघडल्याचा आवाज आला, अक्काचा "आई!" आला, मग बराच वेळ दोघींचं हसणं. तेच पूर्वीचं. मी एकच ओळ दोनदा टाइप केली.

मग जिन्यातून हाक आली. "अगं ये की खाली! ही काय म्हणती मला कळंना!"

मी उठले, चपला घातल्या आणि दारापाशी थोडी थांबले. हाक अजून एकदा ऐकायची होती.